मुलांचा छापखाना

आपल्याकडच्या जुन्या शाळांच्या कपाटांत एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे विद्यार्थ्यांनी काढलेले हस्तलिखित. जाड कागद, सुवाच्य अक्षर, पहिल्या पानावर सरस्वतीचे चित्र, मग मुख्याध्यापकांचे मनोगत, आणि त्यानंतर मुलांच्या कविता, विनोद, कोडी. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन होते. पाहुणे चार पाने उलटून 'छान' म्हणतात आणि हस्तलिखित कपाटात जाते. आम्हीही शाळेत असताना अशा एका हस्तलिखितासाठी 'पाऊस' या विषयावर पानभर लिहिले होते. त्या वर्षी आमच्या गावात पाऊस जवळजवळ झालाच नव्हता. आमच्या लेखात मात्र मोर नाचत होते. ते कोणालाही खटकले नाही, कारण तो लेख कोणी वाचलाच नाही.

शाळेत मूल जे लिहिते ते कोणासाठी, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. वहीतले लेखन एकच माणूस वाचतो, तो म्हणजे शिक्षक. तोही ते काही नवीन कळावे म्हणून वाचत नाही, तर चुका शोधण्यासाठी वाचतो. उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. समजा, मुलांचे लेखन अशा कोणाकडे गेले की ज्याला ते खरोखरच जाणून घ्यायचे आहे, तर काय होईल? आज प्राथमिक वर्गात संगणक आणि ब्लॉग वापरावा की नाही याची चर्चा होते, तेव्हा मुळात हाच प्रश्न विचारला जात असतो. पण हा प्रयोग संगणकापेक्षा बराच जुना आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यातील शिक्षकाने तो शिशाच्या खिळ्यांनी केला. त्याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

जखमी फुप्फुसाचे गुरुजी

सेलेस्तँ फ्रेने यांचा जन्म 1896 मध्ये फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातील गार नावाच्या डोंगराळ खेड्यात झाला. शिक्षक होण्याचे प्रशिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना सैन्यात जावे लागले. 1917 मध्ये त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली. बरे होण्यात बराच काळ गेला. 1920 च्या आरंभी ते बार-स्यूर-लू या गावच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले, तेव्हाही सलग बोलत राहिले की त्यांना धाप लागे.

त्या काळची फ्रेंच शाळा आपल्याला परकी वाटणार नाही. उंच चौथऱ्यावर शिक्षक, खाली रांगेत मुले, सर्वांना एकच पुस्तक आणि दिवसभर शिक्षकाचे बोलणे. ज्याला मोठ्याने बोलणेच जमत नाही अशा शिक्षकाने येथे करायचे काय? आपली छाती धडधाकट असती तर आपणही कदाचित जुन्याच रीतीने शिकवत राहिलो असतो, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

फ्रेने दुपारी मुलांना घेऊन गावात फिरायला जात. हा भाग सुगंधी फुलांचा आणि संत्र्यांच्या बागांचा. मुले सुताराचे काम बघत, विणकराजवळ थांबत, शेतात कोणती कामे चालली आहेत ते पाहत. परत आल्यावर सर्वांनी मिळून पाहिलेल्या गोष्टींचा मजकूर फळ्यावर लिहायचा, तो वाचायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. गोगलगाईंच्या शर्यतीची हकीकत तर प्रसिद्धच आहे. मुलांनी वर्गात गोगलगाई आणल्या, त्यांची शर्यत लावली, आणि तिचे वर्णन फळ्यावर आले. ते वाचताना एरवी अडखळणारी मुलेही सरसावून पुढे येत.

अडचण एवढीच होती की संध्याकाळी फळा पुसला जाई. दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातात पुन्हा छापील वाचनपुस्तक येई आणि त्यात भलत्याच गावाच्या गोष्टी असत. मुलांच्या मनात साहजिकच एक समज पक्का होई: जे छापलेले आहे ते महत्त्वाचे, आणि जे आपण पाहिले ते पुसून टाकण्याजोगे. यावर फ्रेने यांना सुचलेला उपाय अगदी सरळ होता. मुलांचाच मजकूर छापायचा.

खिळे, शाई आणि रूळ

शाळेत छापखाना आणण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल रोबँ यांनी साँपुई येथील अनाथालयाच्या शाळेत छापखाना चालवला होता. फ्रेने यांनी त्याला रोजच्या वाचन-लेखनाच्या केंद्रस्थानी आणले. 1924 च्या सुमारास त्यांनी टेबलावर मावणारे एक लहानसे हातयंत्र आणि थोडे खिळे मिळवले.

हे काम कसे चाले ते थोडे तपशिलात पाहू, कारण सारी गंमत या तपशिलात आहे. मुले आपापले मजकूर लिहून आणत. विषय दिलेला नसे, लिहिलेच पाहिजे असेही नसे. याला फ्रेने यांनी 'मुक्त लेखन' म्हटले. मजकूर वर्गात वाचून दाखवले जात आणि कोणता छापायचा ते मुले मतदानाने ठरवत. निवडलेला मजकूर फळ्यावर येई. मग सगळा वर्ग मिळून तो तपासे. हे वाक्य कळत नाही, येथे नेमके काय घडले ते सांग, हा शब्द दोनदा आला आहे, अशा सूचना मुलेच करत. व्याकरण आणि शुद्धलेखन याच वेळी होऊन जाई.

नंतर एकेक मूल एकेक ओळ जुळवायला घेई. खिळ्यावरचे अक्षर उलटे, आरशात दिसावे तसे असते. रोमन लिपीतील बी, डी, पी आणि क्यू ही लहान अक्षरे उलटी धरली की हमखास फसवतात. त्यामुळे मुलाला प्रत्येक अक्षर निरखून उचलावे लागे. ओळी यंत्रात बसवायच्या, रुळाने शाई लावायची, कागद ठेवून दाब द्यायचा. पहिला कागद निघाला की सगळे चुका शोधायला धावत, कारण एक चूक म्हणजे पन्नास कागदांवर पन्नास चुका. छपाई झाली की खिळे पुसून आपापल्या घरात परत टाकायचे. हे कामही मुलांचेच.

खिळे जुळवणे कंटाळवाणे असते, आणि तोच त्याचा एक मोठा फायदा ठरला. दहा ओळी जुळवायला किती वेळ लागतो हे कळलेले मूल पाल्हाळ लावत नाही. छापलेली पाने भोक पाडून एकत्र बांधली जात. त्या पुस्तकाला 'जीवनपुस्तक' असे नाव होते, आणि हळूहळू तेच वर्गाचे वाचनपुस्तक झाले.

हजार किलोमीटरवरचा वाचक

एवढ्यावर थांबले असते तर हा प्रयोग म्हणजे आपल्या हस्तलिखिताची सुधारित आवृत्ती ठरला असता. त्याला खरी कलाटणी मिळाली ती पत्रव्यवहारामुळे. फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याजवळ, त्रेगँक या गावी रने दानिएल नावाचे शिक्षक होते. त्यांनीही आपल्या वर्गात छपाई सुरू केली आणि 1920 च्या दशकाच्या मध्यावर दोन्ही शाळांत छापील पानांची नियमित देवघेव सुरू झाली. प्रत्येक वर्ग दुसऱ्या वर्गातील मुलांना पुरतील एवढ्या जादा प्रती काढी आणि टपालाने पाठवी. पानांबरोबर पत्रे आणि आपल्या भागातल्या वस्तूंची पार्सलेही जात.

डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठच्या गावाचे जीवन कळू लागले, आणि समुद्रकाठच्या मुलांना संत्र्यांच्या बागांचे. येथे शिक्षकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आपल्याच गावातील माणसासाठी लिहिताना आपण बरेच काही गृहीत धरतो. बाग म्हटले की कोणती बाग ते सर्वांना ठाऊक असते. हजार किलोमीटरवरच्या मुलाला ते ठाऊक नसते. झाड केवढे असते, फूल केव्हा तोडतात, त्याचे पुढे काय होते, असे प्रश्न परत आले की लिहिणाऱ्याला पुन्हा बागेत जावे लागते, विचारावे लागते, मोजावे लागते. दूरचा वाचक मुलाला निरीक्षणाकडे परत पाठवतो.

आम्हा संशोधकांना यात आपल्याच व्यवसायाचा इतिहास दिसतो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 1665 मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक काढले, ते मुख्यतः ठिकठिकाणच्या पत्रव्यवहाराच्या आधारावर. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या कापड-व्यापाऱ्याला विद्वानांची लॅटिन भाषा येत नव्हती. तो आपल्या डच भाषेत सोसायटीला पत्रे लिही. 1676 मध्ये त्याने पाण्याच्या थेंबात असंख्य सूक्ष्म जीव दिसल्याचे कळवले, तेव्हा लंडनच्या मंडळींना ते खरे वाटेना. शंका, प्रश्न, खुलासे झाले आणि 1677 मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः ते जीव पाहून दुजोरा दिला. पाहणे, लिहिणे, दुसऱ्याने शंका घेणे आणि पुन्हा पाहणे हीच विज्ञानाची रीत. प्राथमिक शाळेतील मुलांना ती 'वैज्ञानिक पद्धती' या धड्यातून शिकवण्याचा प्रयत्न आपण करतो. बार-स्यूर-लूच्या मुलांना ती टपालातून मिळाली.

छपाई करणाऱ्या शाळांची संख्या वाढत गेली. 1927 मध्ये फ्रेने यांचे 'शाळेतील छापखाना' या विषयावरील पुस्तक निघाले. शिक्षकांनी सहकारी संस्था स्थापन करून यंत्रे, खिळे आणि साहित्य स्वस्तात पुरवायला सुरुवात केली. निरनिराळ्या शाळांतील मुलांच्या लेखनातून 'ला झेर्ब' म्हणजे 'पेंढी' या नावाचे मासिक निघू लागले. 1932 पासून मुलांना स्वतः माहिती शोधता यावी म्हणून लहान लहान माहितीपुस्तिकांची मालाही सुरू झाली.

एका स्वप्नाची किंमत

1928 मध्ये फ्रेने जवळच्याच सँ-पॉल या गावी बदलून गेले. तेथील शाळेची अवस्था वाईट होती आणि नगरपालिका लक्ष देत नव्हती. एका मुलाने आपल्याला पडलेले स्वप्न लिहिले. शाळेचे साहित्य फुकट द्यायला नकार देणाऱ्या गावच्या मेयरविरुद्ध वर्गाने बंड केले, त्यात मेयर मारला गेला, असा त्या स्वप्नाचा आशय होता. मजकूर नेहमीप्रमाणे छापला गेला.

1932 च्या डिसेंबरात गावातील भिंतींवर हाच मजकूर असलेली भित्तिपत्रके झळकली. हे गुरुजी मुलांना खून करायला शिकवतात, असा आरोप झाला. फ्रेने कम्युनिस्ट आणि शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते असल्याने प्रकरणाला राजकीय रंग चढला आणि पॅरिसमधील उजव्या गटाच्या वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. काही पालकांनी मुले शाळेत पाठवणे बंद केले. 1933 च्या एप्रिलमध्ये शाळेभोवती जमाव जमला. अखेर अधिकाऱ्यांनी फ्रेने यांची बदली केली आणि त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे वाँस गावाजवळ त्यांनी पत्नी एलीझ यांच्यासह स्वतःची शाळा काढली. स्पेनच्या यादवी युद्धातील निर्वासित मुलांना तेथे आसरा मिळाला. 1940 मध्ये फ्रेने यांना अटक होऊन छावणीत ठेवण्यात आले. दुसऱ्या वर्षी सुटका झाली. 1966 मध्ये त्यांचे निधन झाले.

ते स्वप्न छापायला हवे होते का? आमच्यातही यावर एकमत नाही. स्वप्न मुलाचे होते आणि खरे होते. शाळेला साहित्य मिळत नव्हते हेही खरे होते. परंतु कागद वर्गाबाहेर जाणार असेल तर त्यात ज्याचे नाव येते त्या माणसाचा, आणि लिहिणाऱ्या मुलाचाही, विचार कोणीतरी करायला हवा. मुलांना वाचक मिळवून देणारा शिक्षक ही जबाबदारी टाळू शकत नाही. मात्र जोखीम नको म्हणून मुलांनी फक्त नाचणाऱ्या मोरांवर लिहावे असे ठरवले, तर मुले खोटे लिहायला शिकतात, हाही धोका तेवढाच मोठा आहे.

फ्रान्समधून इटलीत, इटलीतून मराठीत

हा धागा आपल्यापर्यंतही आलेला आहे. इटलीतील शिक्षकांनी 1951 मध्ये फ्रेने यांच्या पद्धतींवर आधारित एक सहकारी चळवळ सुरू केली. तिच्यातील मारिओ लोदी हे शिक्षक पियाडेनाजवळच्या व्हो या खेड्यात शिकवत. 1963 मध्ये ते बार्बियाना या डोंगरावरील वस्तीत गेले. तेथे लोरेंझो मिलानी हे धर्मगुरू, शाळांनी नापास करून बाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत होते. लोदींनी त्यांना आपल्या वर्गातील शालेय पत्रव्यवहाराबद्दल सांगितले आणि दोन शाळांत पत्रे सुरू झाली. पियाडेनाच्या मुलांना काय लिहायचे, या विचारातून बार्बियानाच्या मुलांनी सामुदायिक लेखनाची रीत बसवली: प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर मुद्दे लिहायचे, चिठ्ठ्यांचे गट लावायचे, मग वाक्य न् वाक्य सर्वांनी मिळून तासायचे.

याच रीतीने त्या शाळेतील आठ मुलांनी आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते 1967 मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि जगभर गेले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. त्या पुस्तकामागे एका शाळेने दुसऱ्या शाळेला पाठवलेले पत्र आहे, आणि त्याच्याही मागे सँ-पॉलच्या गुरुजींचा छापखाना आहे.

आपल्या शाळांत मात्र छापखाना आला नाही. पैशांची अडचण होतीच, शिवाय लिपीचीही होती. काने-मात्रे, रफार, जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या खिळ्यांच्या पेटीत काही शे प्रकारचे खिळे लागत. ते काम सरावलेल्या जुळाऱ्याचे, तिसरीतल्या मुलाचे नव्हे. म्हणून आपण भित्तिपत्रक आणि हस्तलिखित यांवर थांबलो. त्यांची एकच प्रत असते आणि ती प्रवास करत नाही.

संगणकाने ही लिपीची अडचण दूर केली. 1985 मध्ये अमेरिका, पोर्तो रिको आणि मेक्सिको येथील काही शिक्षकांनी संगणक-जाळ्याद्वारे वर्गांच्या जोड्या जुळवल्या, तेव्हा आपण फ्रेने यांचीच कल्पना पुढे नेत आहोत असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. 1999 पासून तांत्रिक ज्ञान नसलेल्यांनाही ब्लॉग लिहिता येऊ लागला आणि काही वर्षांतच तो प्राथमिक वर्गांत पोहोचला. साधन बदलले तरी जुने प्रश्न तसेच राहिले. 2012 मध्ये स्कॉटलंडमधील एक नऊ वर्षांची मुलगी लेखनाचा सराव म्हणून आपल्या शाळेतील रोजच्या जेवणाचा फोटो ब्लॉगवर टाकून त्याला गुण देऊ लागली. लाखो लोकांनी ते वाचले. जूनमध्ये आर्गाइल अँड ब्यूट परगण्याच्या परिषदेने तिला फोटो काढण्यास मनाई केली. देशभर ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती मनाई मागे घ्यावी लागली. या निमित्ताने जमलेल्या देणग्यांतून मलावीतील शाळकरी मुलांच्या जेवणाला मदत झाली. सँ-पॉलमध्ये वाद वह्या-पेन्सिलींवरून झाला, येथे जेवणाच्या ताटावरून. दोन्हीकडे मुलांनी जे रोज दिसते ते लिहिले, आणि मोठी माणसे अस्वस्थ झाली.

आपण काय करावे?

या इतिहासावरून काही गोष्टी निश्चित सांगता येतात. मुलाने स्वतः पाहिलेले, अनुभवलेले लिहावे. काय पाठवायचे ते वर्गाने ठरवावे आणि तो मजकूर सर्वांनी मिळून तपासावा. तो अशा कोणाकडे जावा की जो खरोखर उत्तर देईल. हजार अनोळखी लोकांनी नुसते पाहून पुढे जाण्यापेक्षा एका वर्गाने विचारलेले चार प्रश्न अधिक मोलाचे आहेत. इंटरनेटचा वापर करायचा असेल तर मुलांची पूर्ण नावे, पत्ते आणि छायाचित्रे सर्वांपुढे न ठेवणे आणि पालकांना विश्वासात घेणे आवश्यक आहे. शक्यतो दोन शाळांपुरतीच ही देवघेव ठेवावी.

सुरुवात मात्र पोस्टकार्डानेही करता येईल. कोकणातील एका वर्गाने आणि मराठवाड्यातील एका वर्गाने वर्षभर दर पंधरवड्याला एक पान एकमेकांना पाठवावे. आमच्याकडे आज किती पाऊस पडला, विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, कोणते पक्षी आले, कोणते पीक उभे आहे. कोकणातील मुले लिहितील की चार दिवस सूर्य दिसला नाही. मराठवाड्यातील मुले लिहितील की आभाळ येते आणि जाते. मग कोणीतरी विचारेल, 'असे का?' भूगोलाच्या पुस्तकातील पर्जन्यछायेचा धडा त्या दिवशी उघडावा.